नदीचं मूळ आणि वजाचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. वर्गसमीकरणाच्या बाबतीत पेपर काढणारेही तेच बजावतात: समीकरण न सोडवता मुळांची, म्हणजे ते खरं करणाऱ्या क्षच्या किमतींची, बेरीज सांगा, गुणाकार सांगा, जमल्यास वर्गांचीही बेरीज सांगा. म्हणजे मुलगा न बघता नुसत्या घराण्याच्या चौकशीवर स्थळ पक्कं करायचं. मला विचाराल तर इथली चौकशी लग्नातल्यापेक्षा भरवशाची. घोळ घालतो तो वजा.

२क्ष² − ७क्ष + ३ = ० घ्या. क्ष² चा सहगुणक ए, क्षचा बी, सुटी संख्या सी, आणि दोन मुळं अल्फा नि बीटा. अल्फा अधिक बीटा बरोबर वजा बी भागिले ए, गुणाकार सी भागिले ए. झोपेतही येतं सगळ्यांना. तरी वही उघडली की बेरीज −७/२. अहो, बी स्वतःच वजा ७ आहे! सूत्रातला एक वजा, समीकरणातला एक. पंगतीला दोघं बसलेत आणि ताट एकच मांडलंय. काहींचं उत्तर नुसतं ७ येतं, तिथे ए उपाशी. खरी बेरीज ७/२, गुणाकार ३/२. मुळं ३ आणि १/२ आहेत, ताडून बघा. तेच गणित २क्ष² + ३ = ७क्ष असं छापलं, की सगळं एका बाजूला आणायच्या आधीच बी अधिक ७ धरून मंडळी मोकळी.

वर्गांच्या बेरजेत ७/२ चा वर्ग करून ४९/४ वर थांबायचं नसतं. त्यातून गुणाकाराची दुप्पट, म्हणजे ३, वजा करा, ३७/४. वजाबाकी विचारली तर उत्तर ±५/२, कारण अल्फा थोरला की बीटा, हे कुणी ठरवलेलंच नाही.

हे संबंध मांडणारा फ्रान्स्वा व्हिएत (१५४०–१६०३) पेशाने वकील. त्याने फक्त धन मुळं मानली. वकीलच तो, कटकटीचा पक्षकार दारातच उभा करेना.

आता उलट काम: मुळं ५ आणि −३, समीकरण तयार करा. बेरीज २, गुणाकार −१५, सूत्र क्ष² − (बेरीज)क्ष + गुणाकार = ०, म्हणून क्ष² − २क्ष − १५ = ०. पण सूत्रात गुणाकाराआधी अधिक आहे ना, मग +१५ लिहून टाकतात. झालं! विवेचक, म्हणजे बी² − ४एसी, जो ऋण आला की मुळं वास्तव नसतात, तो ४ − ६० = −५६, आणि हातात असलेली दोन्ही मुळं वास्तव संख्यांच्या गावातून परागंदा.