आठ शेंगा, चार रिठे

‘घरच्या घरी स्वतःची काळजी घ्या’ असं सांगणाऱ्या कुठल्याही लेखात ‘साधं’ हा शब्द निदान सहा वेळा येतो. साधा उपाय, साधे पदार्थ, साधी दिनचर्या. या शब्दाचा मी आता धसकाच घेतला आहे. शाम्पूची पुडी दातांनी फाडायची, डोक्यावर पिळायची आणि धुऊन मोकळं व्हायचं, याला म्हणायचं ‘केमिकल’. आणि आदल्या रात्रीपासून तीन पातेली, एक पंचा, गॅसची एक शेगडी आणि घरातल्या सगळ्यांची सहनशक्ती अडकवून ठेवायची, याला म्हणायचं ‘साधं’.

तरीही दर रविवारी मी न्हाते शिकेकाईनेच. परंपरेचा अभिमान वगैरे काही नाही, बोअरचं पाणी आहे. जड पाण्यात साबण लावला की पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी सोयरीक करतं आणि दोघं मिळून एक चिकट, पांढरट थर केसांवर बसवतात. शिकेकाई आणि रिठ्यात असतं सॅपोनिन. तेही फेस करतं, मळ काढतं, पण कॅल्शियमच्या नादी लागत नाही. आता शाम्पूही साबण नसल्यामुळे तोही लागत नाही, म्हणजे माझं कारण फारसं टिकत नाही. खरं कारण वास. उकळत्या शिकेकाईचा तो आंबूस, मातकट वास ज्यांच्या लहानपणात होता त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांच्या नव्हता ते विचारतात, ‘काही जळतंय का?’

खरेदी काष्ठौषधीच्या दुकानातून. तिथे पहिला प्रश्न येतो, ‘दळलेली देऊ?’ उत्तर ठाम ‘नको’ असावं. पुडीत शेंग किती, देठ किती आणि दुकानाची धूळ किती, हे एकदा दळल्यावर ब्रह्मदेवालाही कळत नाही. शिवाय पूड वस्त्रगाळ नसेल तर तिचे कण केसांत अडकून बसतात आणि माणूस सोमवारभर लाकडाच्या वखारीतून आल्यासारखा दिसतो. अख्खी शेंग घ्यावी, तपकिरी, खडखडीत वाळलेली, हाताने कडकन मोडणारी. रिठा कानाशी धरून हलवावा. आत बी खुळखुळली तर वाळलेला आहे, गप्प बसला तर अजून ओला आहे आणि डब्यात त्याला बुरशी येणार. वर्षभराची शिकेकाई घरी दळून आणायचा उत्साह कुणाला असेल तर आधी गिरणीवाल्याशी बोलून घ्यावं. नेहमीच्या पिठाच्या गिरणीत तो घेणार नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मिरची परवडली अशी ती नाकात जाते, आणि पुढचं दळण ज्याचं असेल त्याच्या पोळ्यांना फेस येण्याची शक्यता निराळीच.

माप खांद्यापर्यंतच्या केसांचं सांगते. शिकेकाईच्या ८ शेंगा, ४ रिठे, आवळकाठीचे ५-६ तुकडे, पाणी १ लिटर. कमरेपर्यंत केस असतील तर सगळं दीडपट. मेथ्या घालायच्या तर अर्धा चमचा, त्याहून एक दाणा जास्त नाही, नाहीतर काढा बुळबुळीत होतो आणि पंच्यातून खाली उतरायला नकार देतो. रिठ्यातली काळी बी फोडून काढून टाकायची. सॅपोनिन असतं ते वरच्या सालीत, बी नुसती पातेल्यात टकटक करते. सगळ्यात मोठी चूक रिठ्याच्या बाबतीत होते. फेस येत नाही म्हणून लोक ४ चे १० रिठे करतात. फेस मग भरपूर येतो आणि केसांचा नारळाचा काथ्या होतो. सराफ दागिने धुवायला रिठा वापरतात, यावरून त्याची ताकद ओळखावी. डोकं म्हणजे काही तोडे-पाटल्या नव्हेत.

हे सगळं शनिवारी रात्री स्टीलच्या पातेल्यात भिजत घालायचं. लोखंडी कढईत नाही. आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळी शाई तयार होते, अक्षरशः शाई; जुन्या काळी लिहायची शाई याच तत्त्वावर करत. केस काळे होतील या आशेने कढई काढणाऱ्यांचे आधी टॉवेल काळे होतात.

त्याच रात्री तेल. इथे भक्तिभाव आवरावा लागतो. रेले आणि मोहिले या दोन संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना करून दाखवलं होतं की केसातलं प्रथिन धुपून जाणं खोबरेलामुळेच कमी होतं, कारण तेच केसाच्या आत शिरतं. म्हणजे आजीचं बरोबर होतं. पण आजीची वाटी बरोबर नव्हती. २ चमचे तेल पुरतं. वाटीभर थापलं तर शिकेकाईला ते निघत नाही, मग पुन्हा काढा, मग पुन्हा, आणि शेवटी गुपचूप शाम्पू. डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवूच नये. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाचं बुरशीच्या जातीचं एक यीस्ट असतं आणि त्याचं मुख्य अन्न तेल. ‘टाळू कोरडी पडली म्हणून कोंडा झाला, तेल मुरव’ हा सल्ला म्हणजे घरात उंदीर झाले म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात शेंगदाणे ठेवण्यासारखा आहे.

तेल लावल्यावर लगेच आडवं होता येत नाही, उशीचा अभ्रा नवा असतो. मग काळजीवाल्या लेखातला दुसरा सल्ला हाती घ्यावा: मनातला पसारा आवरा. डोळे मिटा, विचार ढगांसारखे येऊ द्या, जाऊ द्या. माझे ढग येतात, जात नाहीत. आभाळ भरून बसतात. त्यापेक्षा कागद बरा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला लावलं होतं. निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली. करायच्या कामांची यादी लिहिणारे सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं. ९ मिनिटं म्हणजे काही कुंभकर्ण नव्हे, पण फुकट मिळतायत.

यातही कसब आहे. ‘बँक’ असं नुसतं लिहिलं तर मन रात्री २ वाजता उठवून विचारतं, बँकेचं काय? ‘सोमवारी ११ च्या आत बँकेत केवायसीचा फॉर्म देणे, सोबत फोटो’ असं लिहिलं की ते गप्प पडतं. कागदच हवा, मोबाईल नको. मोबाईलमध्ये यादी करायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे फोटो बघताना सापडतो. आणि कागद उघडा ठेवू नये. डायनिंग टेबलावर ठेवलेल्या वैयक्तिक मनःशांतीच्या यादीत सकाळी वेगळ्याच अक्षरात ‘गॅसचा नंबर लावणे’ आणि ‘माझी निळी पँट, बटण’ अशी भर पडलेली असते.

रविवारी सकाळी उकळण्याचा विधी. गॅस मंद, वेळ २० मिनिटं, आणि पातेलं पाण्याच्या तिप्पट मोठं. ही तिप्पट गंमत म्हणून नाही. दूध उतू जाताना निदान थोडी पूर्वसूचना देतं, कडेने बुडबुडे, वर साय, मग ते उठतं. रिठा असलं काही मानत नाही. १० मिनिटं तो सभ्यपणे तपकिरी पाण्यात तरंगत असतो. आपण पाठ वळवून चहाचं आधण ठेवतो. आणि मागे निःशब्दपणे पिवळसर, घट्ट, साबणाच्या जाहिरातीत शोभेल असा फेस काठावरून उतरून बर्नरच्या भोकाभोकांत जाऊन बसलेला असतो. शेगडी त्यानंतर दोन दिवस एकाच बाजूने पेटते. उपाय एकच, शेजारी गार पाण्याचा तांब्या घेऊन उभं राहणं. झाकण ठेवायचं नाही. झाकण ठेवणं म्हणजे त्याला उडी मारायला शिडी देणं.

काढा गार व्हायला पाऊण तास लागतो. हा पाऊण तास फार घातक, कारण तेवढ्यात घरातले आणि फोनवरचे सगळे केशतज्ज्ञ होतात.

‘अंडं लाव गं.’ लावा बापड्या, पण धुवा गार पाण्याने. कढत पाणी ओतलंत तर डोक्यावर बुर्जी होते आणि ती एकेक कण वेचून काढावी लागते. ‘खायचा सोडा लाव, चकचकीत होतात.’ अजिबात नको. सोडा अल्कधर्मी; त्याने केसावरची खवल्यांची पापुद्री उचलली जाते आणि केस एकमेकांत अडकतात. कांद्याच्या रसाबद्दल मी काही बोलत नाही, लिफ्टमधले शेजारी बोलतील.

जवसाचं मात्र मी ऐकते. पाव वाटी जवस, २ वाट्या पाणी, ढवळत ७-८ मिनिटं उकळायचं. चमचा वर उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबली की त्याच क्षणी गॅस बंद आणि त्याच क्षणी गाळायचं, कढत असतानाच. ‘जरा निवू दे’ म्हणून दात घासून आलात तर पातेल्यात जवसाची खरवस तयार असते आणि ती जगातल्या कुठल्याही गाळण्यातून जात नाही. नीट जमलं तर ओल्या केसांना चमचाभर चोळावं, कुरळे केस शहाण्यासारखे बसतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. फक्त बरणीवर नाव लिहावं, कुणीतरी पोळीशी चाखून बघतं.

गार झालेला काढा हाताने कुस्करायचा आणि जुन्या पंच्यातून पिळायचा. चहाच्या गाळण्याने भागवू नये, एक तर कण राहतात आणि दुसरं म्हणजे चहाला पुढचे चार दिवस फेस येतो. काढा त्याच दिवशी संपवावा. बाटलीत भरून बाथरूममध्ये ठेवला तर तो आंबतो. नैसर्गिक वस्तू नैसर्गिकरीत्या नासतात, याची लोकांना उगाच नवलाई वाटते.

आता मोरीतला प्रसंग. शाम्पू घट्ट असतो, लावला तिथे राहतो. काढा म्हणजे पाणी; तो गुरुत्वाकर्षणाचा सच्चा अनुयायी. पाटावर बसून पुढे वाकून ओतला की कपाळावरून थेट डोळ्यांत. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेल्यावर जे होतं त्याला झोंबणं म्हणणं हा त्या वेदनेचा अपमान आहे. म्हणून मान मागे टाकायची, डोळे गच्च मिटायचे आणि साध्या पाण्याचा भरलेला तांब्या आधीच उजव्या हाताला ठेवायचा. गेलंच डोळ्यांत, तर चोळायचं नाही, नुसतं पाणी मारत राहायचं. बंद डोळ्यांनी तांब्या शोधताना गीझरचा कढत नळ हाताला लागतो, हे मी कशाला सांगू.

एकदम सगळा ओतू नये. पहिला तांब्या टाळूवर, बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, २-३ मिनिटं चोळायचं. ही चंपी. ‘शाम्पू’ हा शब्द आला तोच मुळी या चंपीतून. पाटण्याच्या साके दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढून साहेबांची अंगं रगडली, तेव्हा ‘शाम्पूइंग’ म्हणजे रगडणंच होतं. बाटली नंतर आली. म्हणजे शाम्पूला नावं ठेवत आपण करतो ते मूळचं शाम्पूच. दुसरा तांब्या लांबीवर. फेस कमी येईल, घाबरू नये. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध जाहिरातीपुरता. शेवटी भरपूर पाणी, आणि पाणी जड असेल तर लिटरभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून ते सर्वांत शेवटी.

हातात केसांचा पुंजका येतो आणि पोटात गोळा उठतो. रोज ५० ते १०० केस गळणं हा सगळ्यांचाच रिवाज आहे. आठवडाभर वेणीत अडकून राहिलेले सगळे रविवारी एकदम राजीनामा देतात, एवढंच. मूठमूठ जात असतील तर दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन काही झालं होतं का ते आठवावं. केस हिशेब उशिरा चुकता करतात. तसं काही नसेल किंवा टाळूवर चकत्या दिसत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं, काढा त्यात काही करत नाही.

ओला केस ताणला जातो आणि तुटतो. म्हणून खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून टिपायचं. मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून वर चढत. मुळापासून ओढलं की सगळा गुंता खाली येऊन एकच गाठ होते, आणि ती शेवटी कात्रीच सोडवते.

केस मऊ झालेले असतात, हे कबूल करायलाच हवं. मी ओट्याशी उभी राहून ते वाळवत असते तेवढ्यात मोरीतून कुणीतरी ओरडतं, ‘पाणी तुंबलंय!’ जाळीत शिकेकाईचे दोन तुकडे, रिठ्याची साल आणि आठवड्याचा तो सगळा पुंजका एकजीव होऊन बसलेला असतो. रात्री ५ मिनिटांच्या यादीत पहिलं काम ठरलेलं: ‘सोमवारी सकाळी ८ च्या आत जाळी उचलून साफ करणे. पंचा नवा घेणे.’ सकाळी त्याखाली वेगळ्या अक्षरात लिहिलेलं सापडतं, ‘शेगडी एकाच बाजूने का पेटते?’