बोल्टपर्यंत हातच पोचत नाही, तर तो घट्ट करायचा कसा?

लो-प्रोफाइल रूफ रॅक, म्हणजे गाडीच्या टपाला चिकटून बसणारी सामान बांधायची चौकट, बनवणाऱ्यांनी आपला रॅक एकदा तरी स्वतःच्या हाताने, उन्हात, स्टुलावर उभं राहून गाडीच्या टपावर बसवून बघावा. कारखान्यातल्या नुसत्या फ्रेमवर नाही, खऱ्या गाडीवर. एकाने जरी हे केलं असतं, तरी असलं डिझाइन बाजारात आलंच नसतं.

रॅक टपाला चिकटून बसावा, वारा कमी अडावा, गाडीचा तोल वर सरकू नये, झाडाची फांदी अडकू नये, हे सगळं मला पटतं. म्हणूनच तर घेतला. पण ती उंची कमी केली कुठून? माणसाचा हात जायची जागा होती, तिथूनच! टप आणि रॅक यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं शिरतात, आणि रॅकच्या पायाचा बोल्ट नेमका त्या फटीत, आतल्या बाजूला. नट डोळ्यांना दिसत नाही. एका हाताच्या बोटांच्या टोकांनी वॉशर धरायचा, दुसऱ्या हाताने ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची वाकडी किल्ली, आत सरकवायची. किल्ली फिरते थोडीशी आणि टपाच्या पत्र्याला टेकते. बोल्टच्या षटकोनी खाचेत किल्ली काढून पुन्हा बसवायला निदान 60 अंश फिरायला हवी. इथे तेवढीही फिरत नाही. मग पुढचा आटा चढणार कसा? तेवढ्यात वॉशर निसटतो, टपावरून घरंगळत पन्हळीत जातो आणि जाताना रंगावर ओरखडा ओढतो. डोक्यात तिडीक जाते अक्षरशः.

आणि माहितीपत्रक काय म्हणतं? ‘सर्व बोल्ट दिलेल्या टॉर्कने घट्ट करा.’ टॉर्क म्हणजे आवळायचा पिळाचा जोर; शेजारी न्यूटन-मीटरमधला त्याचा आकडाही छापलाय. अहो, कशाने घट्ट करा? हा जोर मोजणाऱ्या पान्याचं, टॉर्क रेंचचं, डोकं त्या फटीत शिरत नाही! रॅचेट शिरत नाही, साधा रिंग पानासुद्धा तिरका धरावा लागतो. जो आकडा मोजताच येत नाही, तो छापून तुम्ही फक्त स्वतःची जबाबदारी झटकलीत. उद्या रॅक सैल झाला की ‘टॉर्क नीट दिला नव्हता’ म्हणायला मोकळे.

बरं, हे एकदाच करून सुटण्यासारखं काम असतं, तर दात-ओठ खाऊन केलं असतं. पण ही खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी आहे. दगडधोंड्यांत टप पिळवटतो, रॅक पिळवटतो, बोल्ट हळूहळू सैल पडतात. हेच माहितीपत्रक सांगतं, की थोडं अंतर चालवल्यावर सगळे बोल्ट तपासा, आणि प्रत्येक खडतर प्रवासाआधी पुन्हा तपासा. म्हणजे ज्या बोल्टपर्यंत हात पोचत नाही, तोच बोल्ट जन्मभर तपासत बसायचा. काही पायांपर्यंत पोचायला तर वरच्या दोन-तीन आडव्या पट्ट्या सोडाव्या लागतात. तपासणीच इतकी जिवावर येणारी असेल, तर किती जण ती करतील? आणि मग हायवेवर भर वेगात तो सांगाडा मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर गेला तर?

त्यात ते स्टेनलेसचे बोल्ट आणि स्टेनलेसचेच नट. गंजणार नाहीत, मान्य. पण स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे एकमेकांना घासून चिकटतात. मध्येच बोल्ट जाम होतो, ना पुढे ना मागे, शेवटी कापूनच काढावा लागतो. आता त्या फटीत ग्राइंडर कुठून घालायचा? आट्यांना अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे आटे चिकटू न देणारं वंगण, लावली की हा प्रश्न बहुतेक मिटतो. एवढीशी पुडी खोक्यात टाकायला काय होतं? शिवाय पेस्ट लावल्यावर घर्षण कमी होतं, म्हणून टॉर्कही कमी द्यावा लागतो. त्याबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही.

शिट्टीबद्दल फार बोलत नाही. पट्ट्यांच्या उघड्या खाचांतून वारा घुसतो आणि गाडीभर किंचाळतो. खाचा बुजवायची रबरी पट्टी आणि पुढचा वारा-अडव्या पत्रा वेगळा विकत घ्यायचा. ठीक आहे, पैसे टाकून तो प्रश्न सुटतो तरी.

वजनाच्या बाबतीत मात्र सरळसरळ दिशाभूल चालते. जाहिरातीत रॅकची क्षमता भलीमोठी लिहितात, उभ्या गाडीवर टपावरचा तंबू लावून आत माणसं झोपलेली दाखवतात. पण उभ्या गाडीचा भार वेगळा, चालत्या गाडीचा वेगळा. चालत्या गाडीला बंधन असतं ते टपाच्या मर्यादेचं, रॅक कितीही दणकट असो. त्या मर्यादेत रॅकचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. आणि कच्च्या रस्त्यासाठी काही कंपन्या मर्यादेला 1.5 ने भागायला सांगतात. समजा टपाची मर्यादा 100 किलो. भागल्यावर उरले 66. रॅक 30 किलोचा असेल तर हातात राहिले 36. वर एक स्पेअर चाक ठेवलं की संपलं! 20 लिटर पाण्याचा कॅन चढवला की मर्यादेच्या बाहेर. हे गणित खोक्यावर का नाही? रॅकचं वजन शोधायला माहितीपत्रकाचं शेवटचं पान का चाळावं लागतं?

बरं, चांगलं डिझाइन जमतच नाही असंही नाही. पायांचे बोल्ट बाहेरच्या बाजूला, एका झाकणाखाली ठेवलेले रॅक मिळतात. झाकण उघडा, रेंच सरळ लावा, झालं. तेही टपाला चिकटूनच बसतात. वरच्या पट्टीत पान्यापुरतं एक भोक ठेवलं असतं, तरी माझं भागलं असतं. तेवढंही ज्यांना सुचलं नाही, त्यांच्या रॅकवर मी भरलेला डिझेलचा कॅन बांधणार नाही.