मध घेताय? काडेपेटी आणि कुत्रा सोबत ठेवा

सगळ्यात आधी, मध ओळखीच्या माणसाकडून चुकूनसुद्धा घेऊ नका. पेट्या कुठल्या रानात ठेवल्यात ते सांगणारा, मध कधी काढला ते सांगणारा, आणि वर "आत्ता नाहीये, मे महिन्यात बघू" म्हणणारा मधपाळ तर शंभर टक्के फ्रॉड समजा. खरा मध कसा, बारा महिने मिळतो. भर जुलैत, सह्याद्रीत धो धो कोसळत असतं, फुलं नाहीत, पेटीतल्या सातेरी या देशी जातीच्या माश्यांना स्वतःला खायला नसतं आणि मधपाळ त्यांना साखरेचा पाक पाजून कसंबसं जगवत असतो, नेमकं तेव्हा तुमच्या गेटवर जो अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊन येतो ना, वर पोळ्याचा तुकडा तरंगतोय, चार-दोन मेलेल्या माश्या, आणि "ताई, जंगलातनं आत्ताच काढून आणलंय, चाखून तर बघा", त्याच्याकडून घ्या. ३०० रुपये किलो सांगेल, २५० ला देईल. माश्या डोळ्यांनी दिसल्या ना? मग अजून काय पुरावा पाहिजे.

रंग आणि चव मात्र दरवर्षी सेम टू सेम हवी. जांभळाचा मध गर्द आणि किंचित कडवट लागतो, हिरड्याचा वेगळा लागतो, कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हाचा आणखी वेगळा, असली कारणं ऐकून घेऊ नका. मागच्या वर्षी असा नव्हता, हे एकच वाक्य लावून धरायचं. आंब्याच्या पेटीला आपण असं कधी म्हणत नाही ती गोष्ट वेगळी.

आता घरगुती टेस्ट. काडेपेटीची काडी मधात बुडवायची आणि पेटवायची, पेटली तर शुद्ध. पाण्यात थेंब सोडायचा, तळाशी गेला तर शुद्ध. अंगठ्याच्या नखावर ठेवायचा, ओघळला नाही तर शुद्ध. कुत्र्यापुढे ठेवायचा, कुत्र्याने तोंड फिरवलं तर एकदम ए ग्रेड. यातल्या काडी, पाणी आणि नख या तिन्ही टेस्ट फक्त मध किती घट्ट आहे तेवढंच सांगतात, म्हणजे साखरेचा पाक नीट आटवला की तो पण पहिल्या नंबराने पास होतो, पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या १३ ब्रँडचे २२ नमुने तपासले, त्यातले फक्त ५ सगळ्या टेस्ट पास झाले, आणि त्यांनी मुद्दाम अर्धा पाक मिसळून दिलेला मधसुद्धा आपल्याकडच्या नियमातल्या टेस्टमध्ये पास होऊन आला. म्हणजे लॅबला जे पकडता येत नाही ते आपला मोत्या पकडणार. परदेशी जाणाऱ्या मधाला एनएमआर टेस्ट, म्हणजे भेसळ पकडणारी लॅबमधली जास्त बारीक तपासणी, २०२० मध्ये कंपलसरी झाली बरं का. आपल्याला मोत्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, कान देऊन ऐका. थंडीत मध तळाशी बसला, पांढरट झाला, कणीदार झाला, की बोंब मारायची: साखर! साखर!

माझा मावसभाऊ मधपाळ आहे, जावळीकडे. दरवर्षी त्याचा मध मी आमच्या सोसायटीत ऑर्डर घेऊन वाटते, यात मला एक रुपया सुटत नाही, उलट बाटल्या उचलून कंबर जाते. या डिसेंबरात आमच्या बिल्डिंगमधले एक काका बाटली घेऊन दारात. अर्ध्याच्या वर संपलेली. उरलेला बसलाय तळाशी, वर झाकणाला टोस्टचा चुरा. "वहिनी, तुमच्या भावाने साखर घातलीय हो यात, मी आपलं स्पष्ट बोलतो." मी म्हटलं काका, मधात ग्लुकोज असतं, गारठा पडला की ते बाजूला होऊन त्याचे कण धरतात, मोहरीच्या फुलावरचा मध तर काही दिवसांतच दगडासारखा होतो, बाटली कोमट पाण्यात ठेवा, परत होता तसा होईल. ऐकलं. मान हलवली. आणि वर जाऊन सोसायटीच्या ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकला, खाली "सावध राहा मित्रांनो", हात जोडलेले तीन इमोजी, आणि पाठोपाठ तो काडी पेटवायचा व्हिडिओ. दहा मिनिटांत अंगठेच अंगठे. ज्या बायकांनी माझ्याकडून दोन-दोन बाटल्या नेल्या होत्या त्यांचेही अंगठे. एकीने विचारलं, मग आता कुठला घ्यायचा? काकांनी सुपरमार्केटमधल्या बाटलीचा फोटो टाकला. काचेसारखा स्वच्छ, दोन वर्षं ठेवला तरी एक कण धरत नाही म्हणे. अहो पण तो कण धरू नये म्हणूनच तर तापवतात, बारीक गाळतात, परागकण सुद्धा ठेवत नाहीत त्यात! जो मध काहीच करत नाही त्याच्यावर विश्वास आणि जो मधासारखा वागतो तो चोर, हे कुठलं लॉजिक आहे?

असो. तर सल्ले चालू ठेवू.

मध फ्रिजमध्येच ठेवा. म्हणजे लवकर कण धरेल आणि तुम्हाला लवकर भांडता येईल.

चमचा ओलाच घाला, चहातून काढलेला असेल तर उत्तम. झाकण उघडं टाका. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, पावसाळ्यात तर विचारूच नका, मग त्याच्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो, झाकण उघडताना फुस्स होतं. सातेरीच्या मधात मुळातच ओलावा जरा जास्त, त्यामुळे हे काम अजून पटकन होतं. झालं की मधपाळाला फोन करा.

कणीदार मध पातळ करायचा तर मायक्रोवेव्ह. प्लॅस्टिकच्या बाटलीसकट.

सकाळी लिंबूपाणी घेताना पाणी चांगलं खळखळ उकळून त्यात मध घाला. रॉ, म्हणजे न तापवलेला, मध पाहिजे म्हणून तुम्ही डबल पैसे मोजलेत, मग तो शिजवून प्यायला नको?

घासाघीस भरपूर करा. मधपाळ पेटीच्या चौकटीतल्या पोळ्याच्या घरांवर मेणाचं झाकण लागेपर्यंत थांबतो, कारण झाकण लागलं म्हणजे माश्यांनी मध पुरेसा सुकवला, आधी काढला तर वजन जास्त भरेल पण मध आंबेल, हे तो करत नाही हा त्याचा मूर्खपणा. पेट्या या रानातून त्या रानात हलवतो, मुंग्या, मेणकिडा, वर शेतात कुणी औषध फवारलं की माश्यांचा सडा, हे त्याचं तो बघेल. तुम्ही म्हणा, "आमच्याकडे गेटवर अडीचशेला मिळतो."

आणि घरात तान्हं बाळ असेल तर…

नाही, इथे नाही जमणार मला चेष्टा करायला. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. चाटवायचासुद्धा नाही, सोन्याच्या अंगठीला लावून नाही, घुटीत नाही, आजी कितीही म्हणोत. मधात बोट्युलिझम नावाच्या जीवघेण्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना सहसा काही होत नाही, एवढ्याशा बाळाच्या आतड्यात ते वाढतात. महाग मध, स्वस्त मध, माझ्या भावाचा मध, कुठलाच नाही. डॉक्टर सांगतात तेव्हा ऐकू येत नाही आणि फॉरवर्ड आला की लगेच मोत्याला बोलावता.

बाकीचं पण सरळच सांगते आता. काचेची बरणी, घट्ट झाकण, कोरडा चमचा, ओट्यापासून लांब कपाटात. बसला तर बोट बुडवता येईल इतक्या कोमट पाण्यात बाटली ठेवा आणि अर्धा तास दम धरा, किंवा तसाच पोळीला लावा, छान लागतो. शुद्ध आहे का ते घरी कळत नाही, कुणालाच कळत नाही, म्हणून तर ज्याच्या पेट्या बघता येतात त्याच्याकडून घ्यायचा असतो. नाही जमत तर नका घेऊ, कुणी बंदूक लावलेली नाही. पण अर्धी बाटली चाटूनपुसून खायची आणि मग एका कष्ट करणाऱ्या माणसाला शंभर लोकांसमोर भेसळवाला म्हणायचं, याला सावध राहणं म्हणत नाहीत काका. पैसे पूर्ण परत केलेत मी तुम्हाला, खाल्लेल्याचेसुद्धा. ग्रुपवरचा तो फोटो अजून तसाच आहे. तो डिलीट करा आधी, आणि डिलीट का केला तेही तिथेच लिहा, तीन इमोजी टाकून.