ओझर ते नागपूर चाळीस मिनिटांत? एका व्हायरल हिशेबाची तपासणी

नाशिककरांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक हिशेब फिरतो आहे. नाशिकचा विमानतळ असलेल्या ओझरपासून नागपूरपर्यंतचे हवाई अंतर सुमारे ५४५ किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर, म्हणजे प्रवास चाळीस मिनिटांचा. तरीही तिकिटावर दीड तास छापून कंपन्या वेळेआधी पोहोचल्याचे श्रेय लाटतात. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्यामुळे नागपूर ‘पुढे पळते’, आणि रस्त्याने आठ तास लागत असल्यामुळे विमानाने सात तास वाचायला हवेत, असेही त्यात म्हटले आहे.

अंतराचा आकडा बरोबर आहे. चूक आहे ती वेगाच्या आकड्यात. ताशी ८०० किलोमीटर हा मोठ्या जेट विमानांचा वेग झाला. कमी अंतराच्या अशा मार्गांवर बहुधा पंख्यांची एटीआर ७२ विमाने वापरली जातात आणि त्यांचा कमाल वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. नुसत्या भागाकारानेच पासष्ट मिनिटे होतात, आणि तीही विमान पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगात सरळ रेषेत उडाले तर.

तसे ते उडत नाही. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतची असते. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. वाऱ्यामुळे पश्चिमेकडे उड्डाण करावे लागले, तर विमानाला वळसा घेऊन मग नागपूरची दिशा धरावी लागते. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय असल्यामुळे आग्नेयेकडून उतरायचे झाल्यास विमान विमानतळाच्या पुढे जाते आणि परत फिरते. त्यात चढतानाचा कमी वेग आणि जमिनीवरचे सरकणे मिळवले की दीड तासाचा हिशेब जुळतो. कंपन्या वेळापत्रकात थोडी सवलत ठेवतात, हा आरोप मात्र खरा आहे. पण ती काही मिनिटांची असते, पन्नास मिनिटांची नव्हे.

पृथ्वीच्या फिरण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जमिनीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचे वारे असतात तेव्हा नागपूरकडे जाताना उलट मदतच होते आणि परतीला वेळ थोडा वाढतो.

राहिला सात तासांच्या बचतीचा दावा. नाशिकच्या कॉलेज रोडवरून ओझर गाठायला पाऊण तास, चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होत असल्यामुळे तिथे सव्वा तास, विमानात दीड तास, मग सामान आणि सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, शहरात जायला आणखी पाऊण तास. एकूण सव्वाचार तास झाले. सिन्नरमार्गे समृद्धी महामार्ग धरला, तर सहाशेहून थोडे अधिक किलोमीटर अंतर थांबे धरून साडेसात-आठ तासांत होते. बचत साडेतीन तासांच्या आसपास आहे आणि एकट्या प्रवाशाला ती मोलाची वाटेल. चौघांचे कुटुंब गाडीने निघणार असेल, तर त्यांनी चार तिकिटांची किंमत याच साडेतीन तासांशी ताडून पाहावी.