नॅनो-इंजेक्शन येणार, म्हणून केमो थांबवायची?

मावशीची केमोची तिसरी सायकल मंगळवारी आहे. काल तिनं एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "तोवर थांबू का गं?" म्हणून हे लिहितेय, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडतही नाही.

मेसेज थोडक्यात असा: नॅनोकणांचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, एकच इंजेक्शन. कण थेट कॅन्सरच्या पेशीपर्यंत जातात, स्कॅनमध्ये चमकून गाठ दाखवतात, तिथंच औषध सोडतात. दुष्परिणाम शून्य, केमोची गरज संपली, पण औषध कंपन्या हे दाबून ठेवतात. सोबत चित्र: आठ पायांचा यंत्रमानव एका लाल पेशीला सुई टोचतोय.

चित्राचं आधी उरकते. हे कण साधारण 100 नॅनोमीटरचे असतात, लाल पेशीच्या सत्तर-ऐंशीव्या हिश्श्याइतके. पाय नाहीत, मोटर नाही. मेदाचा फुगा नाहीतर प्रथिनाची गोळी, एवढंच. रक्त नेईल तिकडे जायचं.

आता "थेट". रक्त त्यांना नेतं कुठं? बरेचसे यकृतात आणि प्लीहेत अडकतात, कारण रक्तात शिरलेलं परकं काहीही गिळून टाकणं हेच तिथल्या काही पेशींचं काम. टोरंटो विद्यापीठातल्या वॉरेन चॅन यांच्या गटानं 2016 मध्ये मागच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचा मध्यक (अर्धे आकडे याच्या वर, अर्धे खाली) निघाला 0.7 टक्के. हजारातले सात! वर खास रेणू चिकटवून नेम धरलेले कण घेतले तरी 0.9. आणि हे प्रयोगशाळेतल्या उंदरांत बरं का, जिथं गाठ शरीराच्या मानानं भली मोठी असते आणि घाईघाईनं वाढल्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. माणसाची गाठ इतकी सोयीची नसते.

स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे औषध पोचलं, असंही नाही. दिसायला थोडे कण पुरतात, पेशी मारायला पुष्कळ औषध लागतं. चित्र स्वच्छ यावं तर कण रक्तातून लवकर निघून जायला हवेत; औषध मुरावं तर ते रेंगाळायला हवेत. दोन्ही कामं एकाच कणाच्या गळ्यात बांधली की ही ओढाताण आलीच.

बरं, यात थोडं खरं आहे, तेही सांगून टाकते. मेदाच्या फुग्यात भरलेलं डॉक्सिल हे कॅन्सरचं औषध अमेरिकेत 1995 पासून मिळतं, आणि तेच औषध फुग्याविना देण्यापेक्षा त्यानं हृदयावर कमी ताण येतो. पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात, तेव्हा "शून्य" विसरा. शिवाय फुग्याच्या आत असतं काय? डॉक्सोरुबिसिन. म्हणजे केमोच! "दाखवा आणि मारा" हेही खोटं नाही. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये किरणोत्सारी आयोडीन कित्येक दशकं दोन्ही कामं करतंय. फक्त ते आयोडीन म्हणजे नॅनोकण नाही, आणि चालतं ते थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात म्हणून. मावशीची गाठ थायरॉइडची नाही.

आता मावशीचा प्रश्न. तोवर म्हणजे कधीवर? दोन सायकलींमधलं अंतर मोजून ठरवलेलं असतं: निरोगी रक्तपेशी सावराव्यात, पण उरलेल्या कॅन्सरला डोकं वर काढायला उसंत मिळू नये. ते आपल्या मनानं ताणलं की फायदा गाठीचा. त्रास फार होत असेल तर डॉक्टरांना सांग. डोस, मळमळीची औषधं, तारीख, सगळं तेच बदलू शकतात. मेसेज नाही. मंगळवारी मी येतेय न्यायला.

आणि ते "कंपन्या दाबून ठेवतात". अमेरिकेतल्या बाइंड थेरप्युटिक्स या कंपनीनं असेच नेम धरणारे कण बनवून रुग्णांवर तपासले. निकाल निराशाजनक आले आणि 2016 मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. विकायची तर त्यांना केवढी घाई होती.