कूलरचं तोंड

नागपुरात मे महिन्यात घर कोणाच्या ताब्यात आहे हे ओळखायचं असेल तर कूलरचं तोंड कुठे आहे ते बघायचं, बाकी चौकशीची गरज नाही. आमच्याकडे गॅलरीच्या दारात लोखंडी स्टँडवर पत्र्याचा अवाढव्य कूलर बसतो आणि मला आठवतं तेव्हापासून त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे, म्हणजे आईकडे. बाबा मार्चमध्ये ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, बदलतात, पंप घासतात, टाकीला आतून रंग मारतात, पण तोंड फिरवायचा अधिकार त्यांनाही नाही. यावर्षी मी तो फिरवला, माझ्या टेबलाकडे, आणि तेही माझ्यासाठी नाही तर ग्राफिक्स कार्डासाठी.

कार्ड म्हणजे जीटीएक्स १०६०, सहा जीबीवालं, २०१६ साली निघालेलं मॉडेल, मी वर्षभराने घेतलं. आता त्याचं वय बघून लोक त्याला लांबूनच नमस्कार करतात, पण माझं चालून राहिलं होतं. थोडं व्हिडिओ एडिटिंग, रात्री गेम, आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत अमरावतीहून येणारा भाचा, ज्याच्यासाठी मामाचं गाव म्हणजे आंबे-बिंबे काही नाही, मामाचा पीसी. तर मे लागला तसं कार्ड ८३ डिग्रीवर जाऊन बसायला लागलं. ८३ ही त्या पिढीच्या कार्डांची ठरलेली रेघ, तिथे पोचलं की कार्ड स्वतःहून क्लॉक, म्हणजे आपला वेग, कमी करत जातं, भर दुपारी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, रिक्षावाला झाडाखाली पाय पसरतो तसं. पंखे मात्र फुल. आवाज असा की शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, रोज दुपारी मिक्सरवर एवढं काय दळून राहिले तुम्ही.

यूट्यूबवर जे गोरे लोक टेस्टिंग करतात ते सुरुवातीलाच सांगतात, रूम टेंपरेचर २१. ते ऐकून अक्षरशः भरून येतं. पंख्याने थंड होणारी कुठलीही वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, हवेच्या वर तिचे पंधरा, तीस, चाळीस काय ते डिग्री चढतात, आणि आमच्या गावात हवाच ४५ ची. त्याचाही आम्हाला माज आहे म्हणा, २०२४ च्या मे महिन्यात शहरातल्या एका ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ दाखवले तेव्हा लोकांनी स्क्रीनशॉट काढून नातेवाईकांना पाठवले, आणि नंतर सेन्सर बिघडलेला निघाला तर चक्क हिरमोड झाला. पण कार्डाला कुठला आलाय माज. म्हणून मी कूलर फिरवला. कार्ड ८३ वरून ८० वर आलं आणि आई शंभरवर गेली.

"तुझ्या त्या डब्ब्याले हवा आन् मी इथे पोळ्यांसंग शेकून राहिली. नौतपा लागायच्या आत कूलर माझ्याकडे पाहिजे, सांगून ठेवते."

नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, २५ मेला लागतो. हातात चार दिवस.

निदान भाच्याने केलं. वय वर्षं अकरा, हातात खरबुजाची फोड, स्क्रीनकडे न बघताच, "मामा, पेस्ट सुकली असन. कधी बदलली होती?" मी गप्प. बदलतात हेच माहीत नव्हतं. बाबा पेपर खाली करून म्हणाले, "म्हणजे इतके वर्षं याने ताट्याच नाही बदलल्या." आणि तिथून ते या प्रकरणात शिरले ते शिरलेच. बाबा रिटायर्ड ड्राफ्ट्समन आहेत, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालेला त्यांना सहन होत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरचाही नाही.

मी त्यांना समजावलं की चिप आणि वरचा तो हीटसिंक, म्हणजे चिपची गर्मी ओढून घेणारा धातूचा ठोकळा, दोन्ही डोळ्याला गुळगुळीत दिसतात पण खरं म्हणजे खडबडीत असतात, मधल्या खड्ड्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णता नेण्यात एक नंबरची कामचोर, म्हणून ते खड्डे पेस्टने भरायचे. बाबा म्हणाले, "पुट्टी." मी म्हटलं तसं नाही हो, ही थर्मल कंडक्टिव्हिटी... "पुट्टीच न बे. खड्ड्यापुरती लावायची, जाड थापायची नाही." मला चिडायचं होतं पण मुद्दा तंतोतंत बरोबर होता. पेस्ट कितीही भारी असली तरी तांब्याच्या पुढे ती काहीच नाही, हवेपेक्षा बरी एवढंच, म्हणून जितकी पातळ तितकी चांगली. हे समजायला मला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ लागला होता.

खरेदीला बर्डीवर गेलो, मोदी नंबर तीनच्या गल्लीत. निघताना डोक्याला पांढरा दुपट्टा बांधला, आईने रागात असूनही खिशात कांदा टाकला. दुकानात एमएक्स-४ पेस्टची चार ग्रॅमची पिचकारी मिळाली, साईझ बर्नॉलच्या अर्धी आणि भाव केशराच्या लाईनीतला. मेमरीच्या चिपांवर लावायचे थर्मल पॅड, म्हणजे गर्मी नेणाऱ्या मऊ चकत्या, पण मागितले तर दुकानदाराने विचारलं, किती एमएमचे? मी असा चेहरा केला की जणू प्रश्नच चुकीचा आहे. "दीडचे घेऊन जा भाऊ, सगळ्याले तेच लागते." मी घेतले. हे वाक्य लक्षात ठेवा. आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिस्टकडे मागितलं तर त्याने आधी सॅनिटायझर काढलं, मग स्पिरिट, मग माझ्या दुपट्ट्यातून दिसणाऱ्या डोळ्यांकडे संशयाने बघत शेवटी आतून बाटली आणली.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, रस-पोळी हाणून झाल्यावर, ही पहिली चूक, कारण रसानंतर नागपुरी माणसाने फक्त आडवं व्हायचं असतं. डायनिंग टेबलवर पेपर अंथरला. उघडण्याआधी कार्ड थोडं गरम करून घ्या म्हणजे जुनी पेस्ट सैल पडते असं सगळेच सांगतात, त्यासाठी आम्हाला वेगळं काही करावं लागलं नाही. अंगातल्या स्टॅटिक करंटने चिप उडू शकते ही एक भीती असते, पण कूलरच्या दमट हवेत तो करंट तयारच होत नाही फारसा, तेवढाच कूलर माझ्याकडे असल्याचा शास्त्रीय फायदा. एका स्क्रूवर ते स्टिकर होतं, काढलं तर वॉरंटी खतम. वॉरंटी संपून जमाना झाला होता तरी पेचकस टेकवताना छातीत धडधडलं, कोणीतरी दार वाजवून आत येईल आणि म्हणेल चला चौकीवर.

स्क्रू तीन प्रकारचे निघाले, म्हणून मिसळू नयेत यासाठी मी ओट्यावरून मसाल्याचा डबा आणला आणि मोहरीची वाटी रिकामी करून, तिच्यात आणि हळद-जिऱ्याच्या मधल्या खाचांत ते ठेवले. मला वाटलं होतं ही आयडिया आहे. आई तेव्हा झोपली होती.

चारही स्प्रिंगवाले स्क्रू निघाले तरी हीटसिंक हलेना. जोरात ओढलं तर चिपच उखडेल, हळू ओढलं तर काहीच नाही. भाचा म्हणे, "पिळ मामा, ओढू नको," मी डावीकडे-उजवीकडे अलगद पिळला, आणि कर्र असा आवाज आला, जो मला अजून झोपेत येतो. आलं बाहेर. पण पंख्याची वायर अजून बोर्डात, आणि तिचा प्लग एवढासा की माझ्या बोटांना तो सापडूनच नाही राहिला. भाच्याने नखाने दोन सेकंदात काढला आणि बदल्यात रात्रीचा एक तास गेम लिहून घेतला.

आत जे दिसलं ते सांगायची लाज वाटते. पात्यांमध्ये धूळ, आणि धुळीत कूलरच्या ताटीचं गवत. चांगल्या बोटभर लांब काड्या. चिपवरची पेस्ट मधून जवळजवळ गायब, कार्ड गरम-थंड गरम-थंड होताना ती हळूहळू कडेला ढकलली जाते म्हणे, आणि कडेला जी होती ती वाळून पांढरी खपली झालेली. बाबांनी नखाने खरवडून पाहिली. "हा तर चुना होय. चार ग्रॅम चुन्याचे तू एवढे पैसे दिले? दुकानदाराने तुलेच लावला." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की ठसका लागून पाणी आणावं लागलं.

अल्कोहोलच्या बोळ्याने पुसलं तसा खालून तो चौकोन निघाला, काळा, आरशासारखा, त्यात माझं घामेजलेलं तोंड दिसत होतं. दोनशे चौरस मिलिमीटर, पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान, आणि त्यात ४४० कोटी ट्रान्झिस्टर. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ड्रॉइंग कोणी काढलं असन याचं," आणि चष्मा पुसला.

पेस्ट कशी लावायची यावर जगात पंथ आहेत, ठिपकावाले, रेघवाले, फुलीवाले. भाचा फुलीवाला. पण ग्राफिक्स कार्डाची चिप उघडी असते, वर धातूचं झाकण नसतं, एक कोपरा जरी कोरडा राहिला तर तो कोपरा तापतो, म्हणून सगळीकडे पसरवणं बरं. बाबांनी बँकेचं मुदत संपलेलं एटीएम कार्ड आणलं आणि पुट्टी मारतात तशी एक लपेट. इतकी सरळ की मी फोटो काढला. जुने पॅड तुकडे होऊन पडले होते ते कचऱ्यात टाकले, सहा मेमरी चिपांवर नवे कोरे दीड एमएमचे लावले, स्क्रू आमनेसामने थोडे थोडे आवळले. बाकीचे लावताना एक कमी निघाला. लोकांचा असं काही जोडताना शेवटी एक स्क्रू उरतो, माझा एक कमी पडला. मागच्या पत्र्याचा होता, मी तसाच पुढे गेलो.

सगळे जमले. आई पण उठून आली, पन्ह्याचा ग्लास घेऊन, मसाल्याचा डबा अजून तिला दिसला नव्हता. फरमार्क, म्हणजे कार्डाला मुद्दाम ताण देऊन तापवणारं सॉफ्टवेअर, लावलं. ६०. ७०. भाचा म्हणे अजून वार्म-अप होऊन राहिलं. ८०. ८८. अर्ध्या मिनिटात ९२, आणि मी माऊसवर असा हात मारला की पन्हं सांडलं. आई म्हणाली, "आधी ८३ होतं न?" तिने एवढंच विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्रभर मी यूट्यूब बघितलं. कार्ड मेलं, नवीन घ्या, माझंही असंच झालं होतं, या पलीकडे काही हाती लागलं नाही. सकाळी उठून बघतो तर बाबांनी कार्ड ट्यूबलाइटसमोर आडवं धरलेलं, एक डोळा मिटलेला. "इथून उजेड दिसून राहिला." मी बघितलं. खरंच, चिप आणि हीटसिंकच्या मधून उजेडाची एक बारीक रेघ. "जुना पॅड किती जाड होता?" मला काय माहीत. मग कचऱ्याच्या डब्यातून, कालच्या आंब्यांच्या कोयांखालून, आम्ही दोघांनी जुन्या पॅडचा एक बरा तुकडा शोधला, बाबांनी तो धुतला, वाळवला आणि आपली जुनी स्टीलची पट्टी लावली. एक मिलिमीटर. दीडच्या पॅडवर हीटसिंक टेबलासारखा चार पायांवर उभा होता आणि खाली चिपला त्याचा धड स्पर्शच नव्हता. "अर्धा एमएम," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर ते तेज होतं जे रिटायरमेंटनंतर मी पाहिलं नव्हतं. "अर्ध्या एमएमसाठी साहेबाने माझी अख्खी शीट फाडली होती एकदा."

पुन्हा बर्डी, पुन्हा दुपट्टा, कांदा मीच घेतला. दुकानदार म्हणे, "मी बोललो होतो न भाऊ, माप घेऊन या." मी नुसता बघत राहिलो. घरी येऊन पुन्हा उघडा, पुसा, पुन्हा बाबांची लपेट. यावेळी ट्यूबलाइटसमोर धरलं तर अंधार.

फरमार्क. पंधरा मिनिटं. ७०. पंख्याचा आवाज एवढा कमी की कूलरमधलं पाणी ताट्यांवरून टपटपताना ऐकू आलं. भाचा नाचला, बाबांनी आकडा वहीत लिहिला, तारीख घालून.

आई म्हणाली, "मग खोली काहून गरमच आहे?"

मी म्हटलं, अगं खोली नाही, कार्ड थंड झालं. १२० वॅटचं कार्ड आहे, ते तेवढीच वीज खाणार आणि तेवढीच गर्मी बाहेर टाकणार, फक्त आता ती आत तुंबून न राहता पटकन बाहेर येते. बाहेर म्हणजे खोलीत.

ती थोडा वेळ विचार करत राहिली. "म्हणजे चार दिवस खपून तुम्ही तिघांनी मशीन गार केली, आन् तिची गर्मी माझ्या घरात सोडली." मी बाबांकडे बघितलं. बाबा वहीत बघत होते. तिने उठून कूलरच्या स्टँडला कमरेने एक धक्का दिला, तोंड फिरलं स्वयंपाकघराकडे, माझ्या अंगावरची हवा गेली. मी हळूच स्क्रीन बघितली. ७२, ७४, ७६. बाबांनी ७० खोडून ७६ केले, कंसात "कूलरविना" असं लिहिलं आणि वही मिटली.

स्क्रू नौतप्याच्या तिसऱ्या दिवशी जिऱ्याच्या फोडणीसोबत वरणात आला. बाबांच्या वाटीत.