वॉशिंग मशीनच्या चित्रात भारत कुठे दिसतो?

ताईची मुलगी आयटीतली नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रं काढायचं म्हणतेय आणि आमच्या घरच्या ग्रुपवर त्यावरून जोरदार वाद चाललाय. एक गट म्हणतो हौस म्हणून कर ना, कोण नाही म्हणतंय, पण आधी पोटापाण्याचं बघ. दुसरा गट तिच्या बाजूने आहे, पण त्यांचंही म्हणणं शेवटी येऊन थांबतं ते इथेच, की आपल्याकडे काही खरं नाही, तू सरळ मावशीकडे जा, परदेशात कलाकाराची कदर असते.

ती मावशी म्हणजे मी. स्वित्झर्लंडमध्ये लोझानजवळ राहते, दिवसा एका लॅबमध्ये नोकरी करते आणि रात्री लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छाप घ्यायचा. त्यामुळे या कदरीबद्दल मला इथून जे दिसतं ते लिहावंसं वाटलं.

इथल्या बहुतेक भाड्याच्या बिल्डिंगमध्ये तळघरात एक कॉमन लाँड्रीरूम असते, दारावर कागद लावलेला, कोणत्या दिवशी कुणाचा नंबर. मी बरीच वर्षं त्याच खोलीची चित्रं कोरतेय. मशीनची गोल काच, आत एकमेकींत अडकलेल्या बाह्या, दोरीवर कुणीतरी विसरून गेलेला एकच मोजा. लिनोकटमध्ये जे पांढरं दिसायला हवं ते कोरून काढायचं असतं, त्यामुळे काचेवरची चमक दाखवायची तर हत्यार केसाएवढंच फिरवायचं, जरा जास्त गेलं की तो भाग परत भरता येत नाही. या खोलीत मला खूप काही दिसतं, एकमेकांशी कधी न बोलणाऱ्या माणसांचे कपडे तिथे शेजारी शेजारी वाळत असतात आणि मला तेच काढायचंय.

एका गॅलरीत हे छाप घेऊन गेले होते. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळे पाहिले, चांगलं बोलल्या, आणि मग विचारलं की यात भारत कुठे दिसतो? घरी फोटो पाठवले तर काका म्हणाले, अगं खिडकीबाहेर आल्प्स आहे आणि तू मशीन काय काढत बसलीस! दोघंही प्रेमाने बोलले यात मला शंका नाही. पण मी काय काढायचं हे दोन्हीकडे आधीच ठरलेलं होतं, इथे मी भारत काढायचा आणि तिथे स्वित्झर्लंड. बाहेर राहून काही करणाऱ्या माणसाला मुख्य प्रवाह एक नाही, दोन भेटतात, आणि दोन्ही त्याला आपापल्याकडे ओढत असतात.

आता लोझानमध्येच एक म्युझियम आहे, आर्ट ब्रूटचं. ज्याँ द्युब्युफे या फ्रेंच चित्रकाराने १९४५ पासून अशा लोकांची कामं जमवायला सुरुवात केली ज्यांनी कधी आर्ट स्कूल पाहिलं नाही, मनोरुग्णालयातले, तुरुंगातले, एकटे राहणारे. तो संग्रह त्याने १९७१ मध्ये लोझान शहराला दिला आणि १९७६ मध्ये म्युझियम उघडलं. तिथे आलोईझ कोर्बाज या बाईंची कामं आहेत. आयुष्याची चाळीसहून जास्त वर्षं त्या रुग्णालयात होत्या, सुरुवातीला लपूनछपून चित्रं काढायच्या, पाकळ्या चुरगाळून त्यांचा रस रंग म्हणून वापरायच्या, आणि कागद पुरेना तर तुकड्याला तुकडा दोऱ्याने शिवायच्या. त्यांचं एक काम १४ मीटर लांब आहे. अशा कामासमोर गेलात तर आधी ते टाके बघा. कुणी मागितलं नव्हतं, कुणी विकत घेणार नव्हतं, तरी कागद संपला म्हणून चित्र थांबवायचं नाही हे त्या बाईंनी सुई घेऊन ठरवलं होतं.

म्हणजे परदेशात कदर आहे की, असं कुणी म्हणेल. पण याच संग्रहातली दुसरी गोष्ट ऐका. लुई सुत्तर म्हणून एक चित्रकार होते, शिकलेले, व्हायोलिन वाजवणारे, अमेरिकेत एका कॉलेजात कला विभाग सांभाळलेले. पुढे सगळं विस्कटलं आणि १९२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९४२ पर्यंत, ते एका खेड्यातल्या वृद्धाश्रमात राहिले. तिथे शाळेच्या वह्यांमध्ये चित्रं काढली आणि शेवटच्या काही वर्षांत बोटं शाईत बुडवून काढली, माणसांच्या काळ्या आकृती, बघताना अंगावर येतात अशा. पण ते शिकलेले होते, कलेच्या जगाशी त्यांची ओळख होती, म्हणून द्युब्युफेने त्यांना आर्ट ब्रूटमधून काढून बाजूच्या वेगळ्या विभागात ठेवलं. प्रवाहाबाहेरच्यांसाठी उघडलेल्या दारातही कोण पुरेसं बाहेरचं आहे हे तपासणारा माणूस उभा होता! मला हे अजूनही पटत नाही. म्हातारपणी एकटा बसून बोटांनी रंगवणाऱ्या माणसाकडे कुठलं सर्टिफिकेट आहे हा प्रश्न जितका निरर्थक, तितकाच ते का आहे हाही.

हे सुत्तर ल कॉर्ब्युझिएच्या नात्यातले. आणि ल कॉर्ब्युझिएने आखलेल्या चंदीगढमध्ये काय झालं ते तर आपल्याच देशातलं आहे. नेकचंद सैनी, सरकारी रोड इन्स्पेक्टर. शहर बांधण्यासाठी जी गावं पाडली त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, सिंकचे तुकडे गोळा करून त्यांनी सुखना तलावाजवळच्या जंगलात १९५७ च्या सुमारास गुपचूप मूर्ती करायला घेतल्या. जागा सरकारी, बांधकामाला बंदी असलेली. बऱ्याच वर्षांनी अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा पाडायचीच गोष्ट चालली होती, पण लोकांनी उचलून धरलं आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन सगळ्यांसाठी खुलं झालं, नेकचंदना तिथेच पगारी नेमलं, हाताखाली पन्नास माणसं दिली. म्हणजे लोझानचं म्युझियम आणि आपलं रॉक गार्डन एकाच वर्षी उघडलं. त्यामुळे आपल्याकडे काही होत नाही आणि तिकडे सगळं होतं हे मला कुणी सांगू नये. फ्रान्समध्ये पोस्टमन शेवालने रोजची टपालाची पायपीट सांभाळून ३३ वर्षं दगड जमवून एक महाल बांधला, १९१२ मध्ये पुरा झाला, गाव त्याला वेडा म्हणायचं, आणि सरकारने त्याला संरक्षित स्मारक केलं ते १९६९ मध्ये. तोवर तो जाऊन ४५ वर्षं झाली होती.

माझ्या भाचीने या दोघांच्या नोकऱ्यांकडे नीट बघावं असं मला फार वाटतं. रोड इन्स्पेक्टर असल्यामुळे नेकचंदना राडारोडा कुठे पडतो ते माहीत होतं, पोस्टमनला दगड वाटेतच सापडत होते. नोकरी कलेच्या आड येते हे मला मान्य आहे, थकून घरी आल्यावर कोरायला बसणं काय असतं मला चांगलं माहितीये, पण पगार दुसरीकडून येतो म्हणूनच मला त्या गॅलरीतल्या बाईंसाठी हत्ती कोरावे लागत नाहीत. सोडायची तर सोड, तुझा हक्क आहे, फक्त उद्या घरभाडं चित्रांतून काढायचं ठरलं की गिऱ्हाईकाची आवड हातात हळूच कशी शिरते याचा विचार आधी कर. रीलचंही तेच, लाईक ज्याला पडले तेच पुढच्या वेळी काढावंसं वाटायला लागतं.

आणि परंपरेत राहूनही स्वतःचं करता येतं, त्यासाठी लांब जायला नको. वारली चित्रं मूळची लग्नातली, चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी भित्तिचित्र, लिहायचा तो बायकांनी. जिव्या सोमा म्हसे यांनी पुरुष असून आणि लग्नकार्य नसताना रोज चित्रं काढायला सुरुवात केली, म्हणजे आपल्याच समाजातली रीत ओलांडली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र बघा, बारीक बारीक विणीने अख्खा कागद भरलाय, एकेक घर हाताने काढलेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वारलीचे छापील ठसे आता आपण पिशव्यांपासून सोसायटीच्या भिंतींपर्यंत सगळीकडे लावतो आणि ते मूळ कुणाच्या हातचं आहे हे विचारतही नाही. कदर कमी आहे असं म्हणायचं तर इथे म्हणा.

इथे लोझानला मला खरोखर जास्त चांगलं काय मिळालं सांगू? एक खोली. संध्याकाळी उघडणारं वर्कशॉप, त्यात एक जुना प्रेस, मोठं टेबल, सिंक, थोडी फी भरायची आणि वापरायचं. शेजारच्या टेबलावर रिटायर झालेले बसड्रायव्हर पक्षी कोरत असतात आणि कुठे शिकलात, पुढे याचं काय करणार असं तिथे कुणी कुणाला विचारत नाही.

आपल्याकडे एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा लाखो मुलं देतात, दहावीचे जादा मार्क पदरात पडले की बहुतेकांचा ब्रश तिथेच सुटतो, आणि त्यानंतर मोठ्या माणसाने चित्र काढायला बसावं अशी जागाच सापडत नाही. शाळांचे ड्रॉइंग हॉल संध्याकाळी कुलूप लावून बंद असतात. ते दोन तास उघडे ठेवले, दिवा आणि पाणी दिलं, किल्ली सांभाळायला एक माणूस नेमला तरी पुष्कळ होईल. परीक्षा नको, प्रदर्शन नको, वयाची अट तर मुळीच नको. ग्रुपवर एवढे सगळे जण भांडताय, त्यातल्या दोघा-तिघांनी आपापल्या गावातल्या हेडमास्तरांना जाऊन भेटा. प्रेस सेकंडहँड मिळतो, त्याचे पैसे मी पाठवते.